ई-पुस्तकवाला दारात आलाय. छापील पुस्तकांच्या दुकानदाराने काय करावं?

शाईवाला

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

वडिलांनी थाटलेलं पुस्तकांचं दुकान मी चालवतो. मध्यंतरी एका ई-पुस्तक कंपनीचा माणूस येऊन गेला. गोड बोलणारा, हातात जाड गुळगुळीत कागदावर छापलेलं माहितीपत्रक (हो, कागदावर!). प्रस्ताव असा: त्यांची वाचनयंत्रं मी गल्ल्याशेजारी मांडायची, दर यंत्रामागे कमिशन. शिवाय प्रत्येक कपाटावर त्यांचा क्यूआर कोड चिकटवायचा. गिऱ्हाइकाने तो स्कॅन करून ई-पुस्तक घेतलं की त्यातलेही काही टक्के मला. "तुम्हाला एक पैसा गुंतवायचा नाही" हे तो इतक्या वेळा म्हणाला की मला धास्तीच वाटायला लागली.

तसंही लोक दुकानात येतात, पुस्तक चाळतात, मलपृष्ठ वाचतात, मुखपृष्ठाचा फोटो काढतात आणि "बघतो" म्हणून निघून जातात. पुढे काय होतं ते सांगायला ज्योतिषी नको. मग त्यातला थोडा वाटा तरी पदरात पडू दे, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, गिऱ्हाईक आपण होऊन परक्याच्या दारात नेऊन सोडतोय. मुलगी म्हणते यंत्र नको, आपल्याच वेबसाइटवर ई-पुस्तकं विकू. वडील म्हणतात काहीच करू नकोस, टीव्ही आला तेव्हाही लोक वाचन संपलं म्हणत होते.

किमतीत मी टिकणार नाही हे मला ठाऊक आहे, कृपया त्यावर प्रवचन नको. "वाचकांना अनुभव द्या, कॉफी द्या" हेही ऐकून झालंय. दुसऱ्या दुकानदारांनी, छोट्या किंवा मोठ्या, हे असं काही करून पाहिलंय का आणि पुढे त्यांचं काय झालं, एवढं कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

निवांत

वडिलांचं ऐका. २०१० च्या आसपास सगळे छातीठोकपणे सांगत होते की पाच-दहा वर्षांत कागद जाणार. गेला का? ई-पुस्तकांची लाट ओसरलीय. तुम्ही दुकान उघडा, झाडा, बसा.

वाळवी

निवांत, हे अर्धंच खरं आहे. लाट ओसरली ती मोठ्या इंग्रजी प्रकाशकांच्या हिशेबात, आणि तीही त्यांनी स्वतःच ई-पुस्तकं महाग केल्यामुळे. छोटे प्रकाशक आणि स्वतःचं पुस्तक स्वतःच काढणारे लेखक यांची स्वस्त ई-पुस्तकं खपतच राहिली, ती या हिशेबात धडपणे दिसतही नाहीत.

शाईवाला, माझी उमेदीची वर्षं पुस्तक वितरणात गेली, त्यातलाही मोठा भाग परत आलेल्या मालाच्या खोलीत. त्यामुळे माझं मत त्या खोलीत बसून बनलेलं आहे, हे धरून पुढचं वाचा. लांबण लागेल.

आधी किमतीचं, प्रवचन न करता. ॲमेझॉनचं वाचनयंत्र किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये आलं. यंत्र ३९९ डॉलरचं, पण नवी गाजणारी पुस्तकं ९.९९ डॉलरला. प्रकाशक तेव्हा ई-पुस्तकही घाऊक दराने देत, म्हणजे छापील किमतीच्या साधारण निम्म्याने. पंचवीस-सव्वीस डॉलरचं पुठ्ठा बांधणीचं पुस्तक ॲमेझॉनला बारा-तेराला पडायचं आणि ते दहाला विकायचे. तोटा सोसून यंत्राची सवय लावत होते. २०१० मध्ये आयपॅड आलं तेव्हा पाच मोठ्या प्रकाशकांनी ॲपलला धरून पद्धतच बदलली: किंमत प्रकाशक ठरवणार, विकणाऱ्याला ३० टक्के. अमेरिकी सरकारने एप्रिल २०१२ मध्ये संगनमताचा खटला भरला. प्रकाशकांनी एकामागून एक तडजोड केली, ॲपल लढलं आणि जुलै २०१३ मध्ये हरलं. पण २०१४-१५ मध्ये ॲमेझॉनशी नवे करार करताना प्रकाशकांनी, या वेळी एकेकट्याने, किंमत ठरवायचा हक्क परत मिळवला. ई-पुस्तकांच्या किमती कागदी आवृत्तीच्या जवळ जाऊन बसल्या, कधी कधी वरही. वाचक म्हणाला, एवढेच द्यायचे तर कागदच घेतो.

या सगळ्या भांडणात दुकानदाराला कुणी विचारलंही नव्हतं. फायदा मात्र त्याला झाला. म्हणून किमतीपायी झोप घालवू नका. ती तुमच्या हातात तेव्हाही नव्हती, आजही नाही. फ्रान्ससारख्या देशात ती कायद्यानेच बांधली आहे. तिथे १९८१ पासून छापील पुस्तकावर पाच टक्क्यांहून जास्त सूट देता येत नाही, आणि २०११ च्या कायद्याने ई-पुस्तकाची किंमतही प्रकाशकच ठरवतो. अशा ठिकाणी दुकानदार सूट सोडून बाकीच्या गोष्टींचा विचार करू शकतो. बाकीच्यांना तो अशा कायद्याशिवाय करावा लागतो, एवढाच फरक.

आता तुमचा खरा प्रश्न: दुसऱ्याचं यंत्र आपल्या गल्ल्यावर.

अमेरिकेतल्या बॉर्डर्स या पुस्तकदुकानांच्या साखळीने २००१ मध्ये आपली ऑनलाइन विक्रीच ॲमेझॉनकडे सोपवली. तेव्हा तो शहाणपणा वाटला; आपलं काम दुकानं चालवणं, वेबसाइटची कटकट दुसऱ्याने करावी. २००८ मध्ये त्यांनी स्वतःची साइट काढली तोवर त्यांच्या ऑनलाइन गिऱ्हाइकांना ॲमेझॉनवर घ्यायची सवय लागून गेली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये दिवाळखोरी, त्याच वर्षी सगळी दुकानं बंद. बॉर्डर्स बुडायला इतरही कारणं होती, कर्ज होतं, नको तेवढी मोठी दुकानं होती, पण हे त्यातलं एक. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा इथे दुकानाने स्वतःच तासून दिला.

ब्रिटनमधल्या वॉटरस्टोन्सने तर २०१२ मध्ये चक्क किंडलच आपल्या दुकानांत मांडलं. तुम्हाला आलेला प्रस्ताव, फक्त मोठ्या प्रमाणावर. २०१५ मध्ये काढून टाकलं, कारण यंत्रं खपेचनात आणि त्या जागेवर पुस्तकं ठेवली तर जास्त पैसे होत होते. पुढच्या वर्षी त्यांनी ई-पुस्तकं विकणंही थांबवलं आणि ते गिऱ्हाईक कोबो या दुसऱ्या ई-पुस्तक कंपनीकडे दिलं. तुमच्या गल्ल्याशेजारची फूट-दोन फूट जागा दुकानातली सगळ्यात महाग जागा आहे. तिथे सध्या काय ठेवता आणि महिन्याला त्यातून काय सुटतं, याचा आकडा आधी काढा. मग त्या माणसाच्या कमिशनशी ताडून बघा.

अमेरिकेतल्याच बार्न्स अँड नोबल या साखळीने दुसऱ्याचं न घेता स्वतःचं यंत्र काढलं, नूक, २००९ मध्ये. सुरुवातीला चाललं. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये त्यात तीस कोटी डॉलर घातले आणि २०१४ मध्ये अंग काढून घेतलं. यंत्र बनवणं हा पुस्तकवाल्याचा धंदा नाही. दरवर्षी नवं यंत्र काढायचं, आणि समोरचा ते तोट्यात विकू शकतो.

आणि आता जे चाललं ते. जर्मनीत २०१३ मध्ये थालिया, वेल्टबिल्ड, हुगेनडुबेल, बर्टेल्समानचा बुक क्लब असे एरवी एकमेकांचे गळे धरणारे विक्रेते डॉइचे टेलिकॉमला घेऊन एकत्र आले आणि तोलिनो नावाचं एकच यंत्र काढलं. फाइल ईपब, म्हणजे कुणा एकाच्या मालकीची नाही. यंत्र सुरू करताना वाचक आपलं दुकान निवडतो, पुढची खरेदी त्या दुकानाच्या नावाने होते. मागाहून छोटी स्वतंत्र दुकानंही घाऊक विक्रेत्यामार्फत त्यात शिरली. २०१७ मध्ये टेलिकॉम बाहेर पडलं आणि तांत्रिक बाजू कोबोने घेतली, तरी गाडं थांबलं नाही. तिथे कागदी पुस्तकासारखी ई-पुस्तकाचीही किंमत बांधलेली असते, त्यामुळे स्वस्ताईची भीती नव्हती, हे मान्य. पण वाचकाचं खातं दुकानाकडे राहिलं, हे त्याहून महत्त्वाचं आहे. बॉर्डर्स आणि तोलिनो यांच्यात मला दिसतो तो फरक एवढाच. कागद की पडदा हा वाद वाचकांनी घालावा. दुकानदाराने विचारायचं ते हे, की पुढच्या वेळी त्या माणसाला "नवीन पुस्तक आलंय" असं कोण कळवणार, मी की तो?

करारात ते काय लिहिलंय ते बघून सांगा.

रात्रपाळी

मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे यंत्रवाली. फोटो काढून "बघतो" म्हणणाऱ्या पापी लोकांपैकी.

मी का घेते ते सांगते, कदाचित उपयोग होईल. रात्री एक वाजता पहिला भाग संपला की दुसरा तिथल्या तिथे हवा असतो. अक्षर मोठं करता येतं. दिवा न लावता वाचता येतं, शेजारचा माणूस ओरडत नाही. रहस्यकथा आणि प्रेमकथा मी आता कागदावर घेतच नाही. एकदा वाचल्या की संपल्या, कपाटात जागा कशाला? त्या बाबतीत माझ्यावर वेळ घालवू नका, मी गेलेली केस आहे.

पण चित्रांची पुस्तकं, मुलांची पुस्तकं, कविता, नकाशे असलेला इतिहास, हे यंत्रावर वाचवत नाही. तळटीप बघायला गेलं की मूळ पान हरवतं. आणि भेट काय देणार, लिंक? त्यामुळे माझं यंत्र आल्यापासून दुकानातलं माझं बिल कमी झालं हे खरं, पण आता मी जे घेते ते महागडं घेते. मी दुकानदार असते तर स्वस्त रहस्यकथांचं कपाट अर्धं करून ती जागा या पुस्तकांना दिली असती.

अजून एक. ऑनलाइन दुकान मला मी वाचलंय त्याच्यासारखंच दाखवत राहतं. एक खुनाची कथा घेतली की पुढचे सहा महिने खूनच खून. गेल्या वर्षी मला आवडलेलं सगळ्यात विचित्र पुस्तक, एक शेवाळ्यावरचं, दुकानात भलत्याच कपाटात उलटं पडलेलं होतं म्हणून मिळालं. (कृपया दुकान फार नीट लावू नका!)

आणि कागदी पुस्तक घेतलं की त्याचं ई-पुस्तक थोड्या पैशांत मिळत असेल तर मी दोन्ही घेईन. असं कुणी करत नाही का?

वाळवी

केलं होतं. ॲमेझॉननेच २०१३ मध्ये मॅचबुक नावाने काढलं: कागदी प्रत आमच्याकडून घेतली असेल तर ई-प्रत जास्तीत जास्त २.९९ डॉलरला, कधी फुकट. मोठ्या प्रकाशकांनी फारशी पुस्तकं दिली नाहीत. २०१९ मध्ये गुंडाळलं. प्रकाशकाला दोन्ही प्रती पूर्ण किमतीला विकायची आशा असते, ती सुटत नाही.

शेवाळ्याचं पुस्तक विकणाऱ्याने ते परत पाठवलं नाही म्हणून त्याचे आभार माना. आमच्या खोलीत अशी पुस्तकं सगळ्यात आधी यायची.

कोडकर

वेबसाइटवर ई-पुस्तकं विकण्याबद्दल थोडं, कारण मुलीचा उत्साह मला समजतो. साइट उभी करणं सोपं आहे. त्रास पुढे आहे.

बहुतेक मोठे प्रकाशक डीआरएम, म्हणजे फाइलला कुलूप, असल्याशिवाय पुस्तक देत नाहीत. ते कुलूप ॲडोबीचं असेल तर वाचकाला आणखी एक खातं उघडावं लागतं, आणखी एक प्रोग्रॅम टाकावा लागतो. इथे अर्धे वैतागून सोडून जातात आणि उरलेले तुम्हाला फोन करतात. रात्रपाळी ताईंचा फोन रात्री एक वाजता येईल. रीडियमचं एलसीपी नावाचं कुलूप त्या मानाने वाचकाला कमी छळतं, पण तेही सगळ्या यंत्रांवर चालत नाही. सगळ्यात मोठी गोची ही की बाहेरची कुलूपबंद फाइल किंडलवर उघडतच नाही. म्हणजे ज्यांच्याकडे किंडल आहे ते तुमचे गिऱ्हाईक होऊच शकत नाहीत, फोनवर वाचायला तयार असतील तरच.

एकट्याने करू नका. करायचं तर बुकशॉप डॉट ऑर्गसारखं काही तुमच्याकडे आहे का बघा. अमेरिकेत २०२० मध्ये ते छापील पुस्तकांसाठी सुरू झालं. तुमच्या दुकानाच्या पानावरून विक्री झाली की छापील किमतीच्या ३० टक्के दुकानाला. माल ते पाठवतात, गठ्ठे बांधायला नकोत. जानेवारी २०२५ पासून ते अमेरिकेत ई-पुस्तकंही विकतात, आणि वाचकाने दुकान निवडलं असेल तर त्यातला सगळा नफा त्या दुकानाला. तिथेही किंडलचं कोडं सुटलेलं नाही, सुरुवातीला तर बहुतेक पुस्तकं ॲपवर किंवा ब्राउझरवरच वाचावी लागत.

शाईवाला

सगळ्यांचे आभार. एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं, बॉर्डर्सच्या जागी त्यांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

वाळवीकाका (काका म्हटलं तर चालेल ना?), करार पुन्हा बघितला. खातं कंपनीचं. गिऱ्हाइकाचं नाव, ईमेल मला मिळणार नाही, "गोपनीयतेसाठी". क्यूआर स्कॅन केल्यापासून २४ तासांत जे घेतील त्यावरच कमिशन, पुढच्या खरेदीत माझा काही संबंध नाही. आणि कंपनी ३० दिवसांची नोटीस देऊन योजना बंद करू शकते. मी मात्र वर्षभर दुसऱ्या कुणाचं यंत्र ठेवायचं नाही.

गल्ल्याशेजारी सध्या डायऱ्या, पेनं आणि लहान मुलांची खिशात मावणारी पुस्तकं आहेत. हिशेब केला. त्या पुस्तकांतून सुटतात तेवढे पैसे व्हायला महिन्याला जितकी यंत्रं खपायला हवीत, तितके लोक यंत्राची चौकशीही करत नाहीत.

तेव्हा नाही म्हणायचं ठरतंय. पण मग करायचं काय? नुसतं झाडून बसायचं नाही, निवांत राव.

वाळवी

काका चालेल.

करार नाकारा. ३० दिवसांची नोटीस ही नुसती कागदावरची भीती नाही. अमेरिकेतल्या स्वतंत्र दुकानांनी डिसेंबर २०१० मध्ये गूगलच्या मदतीने ई-पुस्तकं विकायला सुरुवात केली होती. २०१२ मध्ये गूगलने सांगितलं की आम्ही हे बंद करतोय, आणि २०१३ च्या सुरुवातीला केलं. दुकानांना धावपळ करून कोबोकडे जावं लागलं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा तर लोकांनी घेतलेली पुस्तकंच गेली. पैसे परत दिले, हे खरं. पण ज्यांनी समासात टिपणं केली होती त्यांची टिपणंही पुस्तकांबरोबर गेली.

आता करायचं काय. मला विचाराल तर दोनच गोष्टी, आणि दोन्ही कंटाळवाण्या आहेत.

पहिली, खरेदी कमी आणि नेमकी करा. जेम्स डाँट २०११ मध्ये वॉटरस्टोन्सचे प्रमुख झाले तेव्हा प्रकाशक दर्शनी टेबलावर पुस्तक मांडायचे पैसे देत असत, आणि सगळ्या शाखांत एकच ढीग लागायचा. त्यांनी ते पैसे घेणं बंद केलं आणि कुठलं पुस्तक मांडायचं हे त्या त्या दुकानातल्या लोकांवर सोडलं. परत जाणारा माल खूप खाली आला. २०१९ पासून बार्न्स अँड नोबलमध्येही त्यांनी तेच चालवलंय. परत जाणारं प्रत्येक पुस्तक म्हणजे दोन वेळचं भाडं, हमाली आणि मधले महिने अडकलेला पैसा. ई-पुस्तकवाल्याला हा खर्च नाही, त्याचं गोदामच नाही. म्हणून त्याच्याशी स्पर्धा म्हणजे सूट देणं नव्हे, हा खर्च मारणं. वितरक "पंचवीस घ्या, दोन टक्के जादा देतो" म्हणाला की पाचच घ्या आणि संपली की परत मागवा. मी त्या बाजूला बसून हेच पंचवीस गळ्यात मारत होतो, तेव्हा युक्ती माहीत आहे.

दुसरी, जुनी पुस्तकं. तुम्ही जुनी ठेवत नाही असं धाग्यावरून वाटतंय. का नाही? कागदी पुस्तक एकदा विकत घेतलं की ते घेणाऱ्याचं, तो पुन्हा विकू शकतो. ई-पुस्तकाचा बहुतेक वेळा वापरायचा परवाना मिळतो. नेदरलँड्समध्ये टॉम काबिनेट नावाच्या साइटने वापरलेली ई-पुस्तकं विकायचा प्रयत्न केला. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०१९ मध्ये निकाल लागला की प्रकाशकाच्या परवानगीशिवाय असं विकता येणार नाही. म्हणजे जुन्या पुस्तकांच्या बाजारात ई-पुस्तकवाला उतरूच शकत नाही, आणि तो बाजार तुम्ही मोकळा सोडलाय. नव्यावर वितरक देईल तेवढीच टक्केवारी. जुन्यात खरेदीचा भाव तुम्ही ठरवता. आणि जुनं पुस्तक विकायला आलेला माणूस हातात पैसे घेऊन तुमच्याच दुकानात उभा असतो. त्याला रोख कमी आणि दुकानात वापरायची चिठ्ठी जास्त रकमेची, असं ठेवा. बहुतेक चिठ्ठी घेतात.

शाईवाला

जुनी ठेवायचो, वडिलांच्या काळात. मग पाठ्यपुस्तकांचे आणि मासिकांचे ढीग यायला लागले, वाळवी लागली (तुम्ही नव्हे) आणि बंद केलं. सगळंच घ्यावं लागतं ना, नाही म्हटलं की माणूस दुखावतो.

वाळवी

दुखावू द्या. दारावरच पाटी लावा: पाठ्यपुस्तकं, मासिकं, जुने विश्वकोश, संगणकाची पुस्तकं, ओल लागलेलं काहीही घेत नाही. जुन्या आवृत्तीचं पाठ्यपुस्तक फुकट मिळालं तरी घेऊ नका, ते कपाट अडवतं. तुम्ही नवं जे वर्षभर विकता त्याच लेखकांचं जुनं घ्या. मागणी आहे हे तुमच्या बिल बुकातच दिसेल. एकाच पुस्तकाच्या दोनाहून जास्त जुन्या प्रती ठेवू नका. जुनी प्रत नव्याच्या शेजारीच लावा, वेगळ्या कोपऱ्यात नको. वेगळ्या कोपऱ्यात फक्त स्वस्त शोधणारे जातात. शेजारी लावली की काही जण जुनं पाहून थांबतात आणि नवंच घेऊन जातात. आणि आत घेण्याआधी प्रत्येक पुस्तक उघडून शिवणीत बघा. माझे नातेवाईक तिथेच राहतात.

चिठ्ठीवर नाव आणि फोन नंबर लिहून घ्या, आणि त्या लेखकाचं नवं पुस्तक आलं की कळवू का, हेही तिथेच विचारून ठेवा. त्या कंपनीला तुमच्या गिऱ्हाइकाचं जे हवं होतं, ते हेच.

रात्रपाळी

कुठलं दुकान आहे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझ्याकडे चार पेट्या कागदी रहस्यकथा आहेत, यंत्राआधीच्या. चिठ्ठीच घेईन.